कासारणीची भिंगरी

कामरगावची मनकर्णाबाई कासारीण एखाद्या बाईचं नाव विसरायची, कधी तोंडही विसरायची, पण हात विसरायची नाही. एकदा बांगड्या भरल्या की तो हात तिच्या ध्यानात राहिला. कुणाचा अंगठा आडमुठा, कुणाचं मनगट बारीक पण पंजा रुंद, कुणाला बांगडी चढताना हसू येतं, कुणाला रडू. नव्या नवरीची मूठ तर दगडासारखी आवळलेली असायची. मग मनकर्णाबाई तिच्याशी माहेरच्या विहिरीचं, गाईवासरांचं, भावंडांचं बोलत बसायची आणि बोलता बोलता मूठ कधी उघडली ते नवरीलाही कळायचं नाही. "हात सैल सोड माय, बांगडी आपल्या पायानं जाते," हे तिचं बोलणं त्या भागातल्या बायकांनी इतकं ऐकलं होतं, की पाणवठ्यावर एकमेकींची थट्टा करतानाही त्या तेच म्हणायच्या.

तेव्हा बांगड्या उत्तरेकडून यायच्या. मूर्तिजापूरला उतरायच्या आणि तिथून छोट्या आगगाडीनं कारंज्याला, गवतात गुंडाळून पेट्यांत भरलेल्या. पेटी उघडली की आधी त्या परमुलखातल्या गवताचा वास यायचा. मनकर्णाबाईला तो वास फार आवडे. कारंज्याहून माल आणायचा, नवऱ्याच्या दुकानात लावायचा आणि त्यातल्या माळा खांद्यावर टाकून खेडोपाडी फिरायचं, असं तिचं वर्ष जायचं. नवरा, इंद्रभान, बंडीवरून, म्हणजे बैलगाडीवरून, पडून पायानं अधू झाला होता. तो घराच्या पुढच्या खोलीत दुकान धरून बसे आणि चालायचं काम बायकोकडे. आधी धाकटी लेक सोबत असायची. ती लग्न होऊन रिसोडला गेली आणि मनकर्णाबाईची वाट एकदम मुकी झाली.

लेक गेली त्याच सालची गोष्ट. एकोणीसशे तीस-बत्तीसचा सुमार असेल. मनकर्णाबाई माल आणायला गावच्या बबनरावांच्या बंडीतून कारंज्याला गेली होती. बबनरावांचा एक बैल म्हातारा झाला होता. त्याला कसायाच्या हाती द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून बंडीमागे बांधून तो त्यांनी पांजरपोळीत सोडायला आणला होता. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली ती पांजरपोळ, म्हातारी, लंगडी, कुणाला नको झालेली जनावरं सांभाळायची जागा. मनकर्णाबाईनं आपली खरेदी आटोपली आणि बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन तीही बबनरावांमागून आत शिरली.

ती फाटकातून दोन पावलं आत आली नाही, तोच एक तांबूस रंगाचं काहीतरी वाऱ्यासारखं अंगावर आलं. मनकर्णाबाई मागच्या मागे बसली. हिरव्या काचेचा सडा पडला.

पांजरपोळीचा रखवालदार मदनसिंग धावत आला. "लागलं काय बाई? या कुत्रीनं तं नाकात दम आनला. सगळ्या बांगड्या फुटल्या तुमच्या."

"वाढल्या म्हना दादा. फुटल्या नोका म्हनू," मनकर्णाबाई लुगडं झाडत उठली. बांगडीला फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे कासाराच्या घरचं पहिलं शिक्षण.

ती कुत्री आता चार हात लांब उभी होती. दीड-दोन वर्षांची असेल. बरगड्या दिसत होत्या, कान ताठ, आणि सगळं अंग असं थरथरत होतं की जणू चारी पायांना एका जागी राहायचं ठाऊकच नाही. मदनसिंगानं हात पुढे केला तशी ती सटकली, आवाराला एक गरका मारून परत आली, पुन्हा सटकली. मध्येच एका म्हाताऱ्या गाईच्या पाठीवरून उडी टाकून गेली. गाईनं नुसते कान हलवले. तिला सवय झाली असावी.

"हिले झालं काय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"कोन्या तरी कापसाच्या वखारीत पिल्लू होती तवापासून साखळीनं बांधून ठेवली होती," मदनसिंग म्हणाला. "दिवसभर साखळी, रातभर साखळी. भाकर दुरून फेकायचे. वखार बंद झाली अन् मानसं साखळीसकट सोडून गेले. म्या दोन घरी देऊन पाह्यली. दोनी घरून वापस आली. चावत नाई, बाई, पन उरावर येते. लेकराईले पाडते, दोरीवरचं धोतर फाडते. अन् मजा पाहा, सोताहून अंगावर उडी घेते, पन तुमी हात लावाले गेले की हातात सापडत नाई."

मनकर्णाबाई त्या कुत्रीकडे पाहत राहिली. मदनसिंगाच्या हाताला चुकवताना तिचं अंग आखडायचं, डोळे मात्र त्याच हाताकडे लागलेले असायचे. असले डोळे मनकर्णाबाईनं मांडवाच्या कोपऱ्यात मूठ आवळून बसलेल्या पोरींचे पाहिले होते.

"मी नेतो इले," ती म्हणाली. वऱ्हाडात बायाही 'मी नेतो' म्हणतात.

बबनराव तिकडून ओरडले, "काहून वो बाई? कासाराच्या घरात कुत्री? अन् असली कुत्री?"

"मले रस्त्यानं सोबत पाह्यजे."

"चार दिसात आनून सोडसान," मदनसिंग हसून म्हणाला. "सोडा, काई हरकत नाई. जागा हाये."

येताना बंडीत कुत्री बसेना, बंडीमागे चालेना. ती बंडीपुढे पळायची, दोरी ताणली की उलटी फिरायची, बैलांच्या पायांतून निघायची. बबनराव सारा रस्ता पुटपुटत होते. "ही कुत्री हाये का भिंगरी हाये?" ते म्हणाले आणि कुत्रीचं नाव पडलं.

इंद्रभान दारातच बसला होता. त्यानं आधी भिंगरीकडे पाहिलं, मग भिंतीवर लटकणाऱ्या शेकडो बांगड्यांकडे पाहिलं. तो काही बोलायच्या आत भिंगरीची शेपटी एका माळेला लागली.

"आता तूच सांग," इंद्रभान सावकाश म्हणाला, "या घरात बांगड्या ठेवाच्या का कुत्री ठेवाची?"

"दोनी ठेवू. पाह्यजा तं खरं," मनकर्णाबाई म्हणाली. पण तिलाही धीर नव्हता.

पहिले काही दिवस वाईट गेले. भिंगरीनं ओट्यावरचं पोतं फाडलं, शेजारणीच्या कोंबड्या झाडावर चढवल्या, चुलीपुढची भाकर पळवली. बांधली की ती स्वतःभोवती गरगर फिरून दोरीत गुंतायची आणि असं रडायची की इंद्रभान कानावर हात ठेवायचा. मारून मनकर्णाबाईला काही करायचं नव्हतं. तिच्या धंद्यात घाई केली, जोर केला, की काच मोडते आणि हातातून रक्त येतं. एवढं तिला कळत होतं, त्यापलीकडचं काही कळत नव्हतं.

एक दिवस धंद्याला निघायच्या आधी, उजाडता उजाडता, तिनं भिंगरीला नाल्याच्या पल्याड पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांकडे नेलं आणि लांब दोरावर मोकळी पळू दिली. दव पडलं होतं. भिंगरी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, पळाली, परत आली, पुन्हा पळाली. तितरं उडाली. पळता पळता तिची जीभ गुडघ्यापर्यंत आल्यासारखी लोंबायला लागली तेव्हा ती आपण होऊन मनकर्णाबाईपासून हातभर अंतरावर येऊन बसली. बसली! पांजरपोळीतून आणल्यापासून ती बसलेली मनकर्णाबाईनं पहिल्यांदा पाहिली.

तेव्हापासून रोजचा तोच नेम. आधी पळणं, मग बाकीचं. अंगावर उडी घेतली की मनकर्णाबाई पाठ फिरवून मुकी उभी राहायची. ना रागावणं, ना ढकलणं. चारी पाय जमिनीला लागले की वळायची आणि भाकरीचा तुकडा द्यायची. भिंगरीला हे कोडं उमगायला वेळ लागला, पण उमगलं. हात मात्र मनकर्णाबाई कधी तिच्या डोक्यावरून न्यायची नाही. धुऱ्यावर बसायची, हात गुडघ्यावरून खाली सैल सोडायची आणि नव्या नवरीशी बोलावं तसं बोलत राहायची. रिसोडच्या लेकीचं, तिच्या सासूचं, कापसाच्या भावाचं, काहीही.

बोंडं फुटली होती, वेचणीला सुरुवात झाली होती, त्या दिवसांतली एक सकाळ. मनकर्णाबाई बोलत होती आणि तिच्या लोंबत्या पंजाखाली काहीतरी ओलं लागलं. भिंगरीनं आपली हनुवटी तिच्या हातात ठेवली होती. मनकर्णाबाई बोलायची थांबली नाही. थांबली असती तर भिंगरी दचकली असती. पण आपण काय बोललो ते तिला पुढे कधी आठवलं नाही. त्या हनुवटीचं वजन तेवढं आठवायचं.

मग ती भिंगरीला गावोगाव न्यायला लागली. कुत्री बाहेर झाडाला बांधायची, आत बांगड्या भरायच्या, परत येताना सोडायची. सगळं बरं चाललं होतं आणि माघात धानोऱ्याला घात झाला.

रामरावांच्या घरी त्यांच्या लेकीचं, पंचफुलाचं लग्न होतं. अंगणात बायका चुडा भरायला जमल्या होत्या. मनकर्णाबाईनं नवरीचा हात हातात घेतला होता आणि भिंगरी गोठ्याजवळच्या लिंबाला बांधलेली होती. तेवढ्यात दारात डफडं कडाडलं. पोरं ओरडत पळाली. भिंगरीनं एका हिसक्यात दोरी तोडली, अंगणातून गरका घेतला, बांगड्यांची टोपली उलथली आणि गोठ्याच्या दाराशी एकटीच बसलेल्या म्हातारीला तिनं पालथं पाडलं. ती म्हातारी रामरावांची आई, प्रयागबाई. विधवा बाईनं चुडा भरताना समोर यायचं नाही म्हणून नातीच्या लग्नात ती तिकडे गोठ्याशी बसली होती.

बायकांनी तोंडाला पदर लावले. मांडवात काच वाढली होती. रामराव लाल झाले. "बाई, तू माह्या घरची जुनी कासारीन हायेस म्हनून काई बोलत नाई. पन हे कुत्री घेऊन पुन्हा या दारात येजो नोको!"

मनकर्णाबाईनं उरलेला चुडा भरला. परत येताना तिनं भिंगरीकडे पाहिलं नाही. घरी येऊन ती इंद्रभानला म्हणाली, "बबनराव बजाराले कारंज्याले जाऊन राह्यले. त्याईच्या बंडीत इले धाडून देतो. माह्यानं नाई होत."

तिला वाटलं होतं, नवरा म्हणेल, सुंठेवाचून खोकला गेला. इंद्रभान मात्र इकडेतिकडे पाहत म्हणाला, "राहू दे तिले."

"काहून? तुमीच तं म्हनत होते..."

"दुपारी तू नसली का माह्या मोडक्या पायाशी येऊन झोपते ते. हिवाचे दिवस हायेत. पायाले ऊब लागते."

मनकर्णाबाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. भिंगरी राहिली.

पण धानोऱ्याचं तिच्या मनातून जाईना. म्हातारीला लागलं असेल, माफी मागायला पाहिजे. लग्नाची गर्दी ओसरल्यावर ती एका दुपारी गेली. भिंगरीला तिनं पहाटे दुप्पट पळवलं होतं. गावात शुकशुकाट होता, सगळी माणसं शेवटच्या वेचणीला गेली होती. रामरावांच्या ओट्यावर प्रयागबाई एकटीच सरकीचं पोतं शिवत बसली होती.

"माय, त्या दिवशी माह्या कुत्रीनं तुमाले पाडलं," मनकर्णाबाई खालीच उभी राहून म्हणाली. "माफ करजा. लागलं काय?"

प्रयागबाईनं सुई बाजूला ठेवली. "लागलं तं. कोपर सुजलं होतं." मग ती एकदम हसली. तोंडात दोन-चार दात उरलेले. "पन खरं सांगू का तुले? एवढ्या वर्सात मले कोनी पाडलंच नाई बाई. कोनी अंगाले लागतच नाई, तं पाडन कोन?"

मनकर्णाबाईची नजर प्रयागबाईच्या हातांवर गेली. उजव्या हाताची करंगळी जरा वाकडी. तो हात तिला चांगला ओळखीचा होता. तिची सासू हयात होती तेव्हा सासूच्या मागे बसून मनकर्णाबाई धंदा शिकली. तेव्हा ज्या हातांत तिनं भीतभीत बांगड्या चढवल्या, त्यांतला हा एक. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत प्रयागबाईचा नवरा गेला. त्यानंतर मनकर्णाबाई या घरी दर सणाला आली, सुनेच्या, नातींच्या हातांत बांगड्या भरून गेली, पण या हाताला तिनं कधी हात लावला नव्हता. लावायचं कारणच नव्हतं.

"वर येऊ काय?" तिनं विचारलं.

"ये नं. अन् तिलेबी आन."

मनकर्णाबाई ओट्यावर प्रयागबाईला लागून बसली. भिंगरी दोरीच्या टोकाला, कान मागे पाडून, पळायच्या बेतात. प्रयागबाईनं भाकरीचा तुकडा उचलून हात पुढे ताणला तशी ती मागे सरली.

"असा नोको," मनकर्णाबाई म्हणाली आणि तिनं प्रयागबाईचा बिनबांगड्यांचा हात तुकड्यासकट आपल्या हातात घेतला. बांगडी भरायच्या आधी घ्यायची तसाच, खालून, अंगठ्याच्या बुडाशी बोटं ठेवून. हात काटकीसारखा ताठ झाला. "सैल सोड माय. सैल सोड."

प्रयागबाई म्हणाली, "तुयी सासूबी असंच म्हने." कोपरापर्यंत ताठ असलेला तो हात हळूहळू जड झाला आणि मनकर्णाबाईच्या पंजात विसावला. दोघी तशाच बसल्या. बऱ्याच वेळानं भिंगरी एक पाऊल पुढे आली, अजून एक आली, तिनं त्या दोन हातांवरचा तुकडा अलगद उचलला. तुकडा संपला तरी ती गेली नाही. प्रयागबाईचा तळवा चाटत उभी राहिली.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या वं," प्रयागबाई म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

पुढच्या वेळी मनकर्णाबाई धानोऱ्याच्या शिवेवर पोचली तर रामरावच समोरून आले. तिनं घाबरून दोरी आखडली. रामराव खाकरले, रुमाल सारखा केला. "येजो घरी. कुत्री घेऊनच येजो. बुढी सकाळपासून भाकर धरून बसली हाये."

त्यानंतर ती रीतच पडली. कोणत्याही गावी गेलं तरी अंगणात सवाष्णी बांगड्या भरायला बसत आणि बाहेरच्या अंगाला, जिथे आतापर्यंत विधवा बाया भिंतीला टेकून नुसत्या कान देऊन बसायच्या, तिथे भिंगरी जाऊन बसे. कुणाच्या मांडीवर मान, कुणाच्या पायावर पाठ. तिला बाईचं कपाळ पांढरं की कुंकवाचं, याची काय पडलेली! हात सैल असला की झालं. बाहेरून हसण्याचा आवाज इतका यायचा की आतल्या बायका मान वळवून बघायच्या. पंचफुला पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा आजीला कुत्रीशी भांडताना ऐकून ती दारातच थबकली. "आजी येवढ्यानं बोलते हे मले ठाऊकच नोतं," ती मनकर्णाबाईला म्हणाली.

भिंगरी काही अगदी गरीब गाय झाली नाही. एका बारशाच्या दिवशी तिनं पुरणाच्या पोळ्यांची अख्खी चवड पळवली. तो घरधनी कित्येक वर्षं मनकर्णाबाईला टोमणे मारायचा. साखळीचा आवाज ऐकला की ती तर थेट शेवटपर्यंत लटपटायची. कुठे विहिरीवर बादलीची साखळी वाजली तरी मनकर्णाबाईच्या लुगड्यात तोंड खुपसायची. तेवढं काही गेलं नाही. कारंज्याला माल आणायला गेल्यावर मनकर्णाबाई तिला एकदा मुद्दाम पांजरपोळीत घेऊन गेली. मदनसिंग उकिडवा बसला, भिंगरीनं त्याच्या हाताचा वास घेतला आणि चक्क त्याच्या पुढ्यात लोळण घेतली. "म्या एवढ्या जनावरात राह्यतो," तो म्हणाला, "अन् इच्या डोक्शाले हात मले आज लावाले भेटला." मनकर्णाबाईनं परत निघताना त्याच्या लेकीसाठी चार बांगड्या ठेवल्या.

मग दुसरी मोठी लढाई आली. काचेचा माल येईनासा झाला, पेट्या अर्ध्या रिकाम्या यायला लागल्या, खेड्यातल्या बायका जुन्याच बांगड्या जपून वापरायला लागल्या. मनकर्णाबाईचं फिरणं कमी झालं आणि भिंगरीचंही वय झालं. तिचं तोंड पांढरं पडलं. पहाटे नाल्यापर्यंत गेली की ती धुऱ्यावर बसून राहायची आणि मनकर्णाबाईच तिच्याभोवती दोन फेऱ्या मारायची. पुढे ती दुकानातच राहायला लागली, इंद्रभानच्या पायाशी, बांगड्यांच्या माळांखाली. एका चैत्रात, टळटळीत दुपारी, इंद्रभाननं पाय हलवला तर भिंगरीनं मान वर केली नाही. त्यानं बायकोला हाक मारली आणि मग दोघं तिच्याजवळ बसून राहिली, गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी. नाल्याकाठी, पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, बबनरावांनी स्वतः खड्डा खणला.

मनकर्णाबाईनं दुसरं कुत्रं पाळलं नाही. त्यानंतर ती पहिल्यांदा धानोऱ्याला गेली तेव्हा तिच्या मनात होतं, आता आपण अंगणातल्या बायकांना बांगड्या भराव्या आणि निघावं. पण चुडे भरून ती उठली तर प्रयागबाईच्या ओट्यावर तिघीचौघी म्हाताऱ्या तशाच बसलेल्या होत्या. प्रयागबाई आता वाकली होती, तिला नीट दिसत नव्हतं. पावलांचा आवाज ऐकून तिनं जागा केली.

"भिंगरी गेली म्हनून तू बी सरळ जातं काय?" ती म्हणाली. "बस. ताक आनाले सांगतलं हाये."

मनकर्णाबाईनं खांद्यावरच्या माळा उतरवून बाजूला ठेवल्या आणि ती बसली. प्रयागबाईनं तिचा हात धरला. उन्हं उतरेपर्यंत त्या भिंगरीचंच बोलत होत्या.